विषयाला क्रियापद हवं: पहिल्या फॅशन कलेक्शनची तयारी

१९६५ साली इव्ह सँ लोराँ या फ्रेंच डिझायनरने पिएत मोंद्रियान या डच चित्रकाराच्या चित्रांवरून काही ड्रेस केले. पांढरे, लाल, पिवळे, निळे चौकोन आणि मधून जाणाऱ्या जाड काळ्या रेघा. फोटोत पाहिलं की वाटतं, चित्र उचललं, कापडावर छापलं, झालं काम. पण त्या ड्रेसवर छपाई नाहीच. प्रत्येक चौकोन हा लोकरीच्या जर्सीचा, म्हणजे विणीच्या कापडाचा, वेगळा तुकडा आहे. एरवी कपडा अंगावर बसवायला डार्ट, म्हणजे शिवलेल्या निमुळत्या चुण्या, घालतात. इथे ते सगळं काम या तुकड्यांच्या जोडांनीच केलंय, शिवणीत लपून. म्हणून आत माणूस असूनही ड्रेस समोरून सपाट दिसतो, कॅनव्हाससारखा.

प्रेरणा म्हणजे नेमकं काय, असं नव्याने डिझाइन करू लागलेल्या कुणी विचारलं की मी हा ड्रेस दाखवते. मोंद्रियानची चित्रं सगळ्यांनीच पाहिली होती. त्यातून ‘तुकडे जोडणं’ ही क्रिया उचलायची आणि ती शिवणीत आणायची, हे काम मात्र डिझायनरचं होतं.

मला हे कळायला एक कलेक्शन वाया घालवावं लागलं. माझा पहिला विषय होता ‘समुद्र’. निळं कापड, लाटांची छपाई, गळ्याला शंख. सहा पोशाख शिवले आणि सहाही पोशाखांचा कट कुठल्याही तयार ड्रेससारखा. छपाई धुऊन टाकली असती तर समुद्रही धुऊन गेला असता! याउलट ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनने २००१ च्या वसंत-उन्हाळी कलेक्शनमध्ये रेझर क्लॅम या लांबट शिंपल्यांच्या कवचांचा अख्खा ड्रेस केला होता. तो ड्रेस हलला की कवचं एकमेकांवर आपटायची, तुटायची. समुद्र मीही घेतला होता, पण माझ्या समुद्राला काही करताच येत नव्हतं. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: विषयाला क्रियापद हवं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या नियमाभोवतीच फिरतात.

पायरी १: काही दिवस कपडे बघू नका

दोन आठवडे पुरेत. फॅशन शो, मासिकं, पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम, सगळं बाजूला. यात तपश्चर्या वगैरे काही नाही, कारण अगदी व्यावहारिक आहे. दुसऱ्याने शिवलेला कपडा म्हणजे सोडवलेलं गणित. उत्तर समोर असलं की आपण आपलं गणित मांडतच नाही. शिवाय स्क्रीनवर एक चित्र साठवलं की तसलीच शंभर पुढे येतात, आणि तीच शंभर तुमच्यासारख्या हजारो जणांपुढेही येतात.

या दोन आठवड्यांत एक वही जवळ ठेवा. लक्ष वेधून घेणारी कुठलीही गोष्ट एका वाक्यात लिहायची, तारखेसह. ‘सुंदर’, ‘छान’, ‘मस्त’ हे शब्द वर्ज्य, कारण त्यांच्यातून पुढे काही शिवता येत नाही. माझ्या वहीतल्या नोंदी अशा असतात: ‘जिन्याच्या कठड्याचा रंग जिथे हात पडतो तिथेच उडालाय.’ ‘वाळताना पानाची कड आधी आत वळते, मधली शीर सरळच राहते.’ ‘बांधकामावरची हिरवी जाळी वाऱ्याने एका बाजूला फुगते, दुसऱ्या बाजूला खांबाला चिकटते.’ प्रत्येक वाक्यात काहीतरी घडतंय, हे बघा.

फोटो काढायचे तर तीन काढा: लांबून, अगदी जवळून आणि मागच्या बाजूने. मागची बाजू विसरू नका. बहुतेक वस्तू कशा टिकून आहेत याचं उत्तर तिथेच असतं. छोट्या वस्तू मिळाल्या तर एका खोक्यात टाकत जा: गंजलेली जाळी, दोरीची गाठ, फाटलेलं पाकीट. हाताला लागणारी वस्तू फोटोपेक्षा जास्त बोलते.

पायरी २: विषय लहान करा

वही भरली की मोह होतो तो मोठ्या शब्दांचा. निसर्ग, स्त्रीशक्ती, स्वातंत्र्य, शहर. असल्या विषयांवर निबंध होतो, बाही शिवता येत नाही. विषय इतका लहान हवा की तो टेबलावर ठेवता येईल, किंवा निदान त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाता येईल.

लहान विषयातून केवढं निघतं याची दोन उदाहरणं देते. हुसेन चलायान या डिझायनरने १९९३ साली लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयातल्या पदवीच्या कलेक्शनसाठी कपडे लोखंडाच्या किसासह मित्राच्या बागेत पुरले आणि नंतर उकरून काढले. गंजाने डागाळलेले, कुजत चाललेले ते कपडे म्हणजेच त्याचं कलेक्शन. क्रियापद: पुरणं. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जेलाने १९९४ च्या हिवाळी कलेक्शनमध्ये बाहुलीचे कपडे ५.२ पट मोठे केले, सगळ्या प्रमाणांसकट. बाहुलीच्या कोटाला बटण बारीक बसवता येत नाही, ते कोटाच्या मानाने मोठंच असतं. विणकामाचा टाका जाड असतो, कॉलर बेढब असते. माणसाच्या मापात आल्यावर ही सगळी ‘चूक’ ठळक होऊन समोर आली. क्रियापद: वाढवणं. दोन्ही विषय कुणालाही सुचले असते असं वाटतं ना? सुचणं सोपं असतं. तिथे थांबून ते शेवटपर्यंत नेणं अवघड.

तर वहीतल्या नोंदींतून तीन निवडा आणि प्रत्येकीपुढे एक क्रियापद लिहा. उघडणं, आक्रसणं, गंजणं, लोंबणं, उसवणं, एकावर एक चढणं. जिच्यापुढे क्रियापद लिहिता येत नाही ती नोंद बाद. उरलेल्यांपैकी जिच्याबद्दल तुम्ही कंटाळा न येता महिनाभर बोलू शकाल ती घ्या. ‘ट्रेंडमध्ये काय आहे’ हा प्रश्न इथे विचारू नका. तो विकताना विचारायचा.

पायरी ३: विषय उसवून पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी स्वतः केलेलं एक काम सविस्तर सांगते, त्यातून पद्धत कळेल.

विषय होता मोडकी छत्री. क्रियापद: उघडणं-मिटणं. आधी तिची पंचवीस-तीस रेखाटनं केली. मिटलेली, अर्धी उघडलेली, वाऱ्याने उलटी झालेली, वरून, आतून. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. चितारताना डोळा जिथे अडतो तिथे काहीतरी समजलेलं नसतं, एवढ्यासाठीच चितारायचं. मग कापड काडीवरून सोडवलं, एक पाकळी उसवली आणि कागदावर ठेवून गिरवली.

तेव्हा कळलं की पाकळी म्हणजे सरळ त्रिकोण नव्हेच. तिच्या दोन्ही लांब कडांना हलका बाक आहे. तो बाक नसता तर उघडल्यावर घुमट न होता ताठ सुळका झाला असता. खालची कडही सरळ नाही, दोन काड्यांच्या टोकांमध्ये ती किंचित आत वळलेली. दुसरी गंमत म्हणजे काडीला कापड पूर्ण लांबीभर शिवलेलंच नसतं. टोकाला पक्कं आणि मध्ये एखाद-दोन टाके, बस. तरीही वादळात ते टिकतं, कारण त्याला धरून ठेवतो तो ताण. तिसरं, मिटलेल्या छत्रीच्या पाकळ्या इस्त्रीच्या घडीसारख्या बसत नाहीत. वर घट्ट, खाली सैल, आणि सगळ्या एकाच दिशेने गुंडाळून पट्टीच्या एका प्रेसबटणावर तोललेल्या. आणि रंग? काळी म्हणून आणलेली ती छत्री घड्यांच्या वरच्या कडेला तपकिरी झाली होती, टाक्यांभोवती गंजाची नारिंगी वर्तुळं पडली होती.

या चार निरीक्षणांतून चार गोष्टी थेट निघाल्या. आठ बाकदार कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या तुकड्यांचा स्कर्ट, ज्याचा घेर शिवणींत घातलेल्या ताठ पट्टीमुळे फुलून उभा राहतो आणि खालची कड टोकाटोकांमध्ये आत जाते. तोच स्कर्ट पायांभोवती गुंडाळून एका पट्टीने बंद केला की सरळ नळकांडं होतो. मुंढ्यात फक्त पाच ठिकाणी टाचलेली बाही, मधून मोकळी. आणि उलट्या छत्रीसारखी वर वळलेली कॉलर, जी मला शेवटपर्यंत नीट जमली नाही. छत्रीचं चित्र कुठल्याच कपड्यावर नव्हतं.

तुमचा विषय काहीही असो, हे विचारून बघा: हे उभं कशावर आहे? कुठे जोडलंय आणि कुठे मोकळं सोडलंय? हललं की आधी काय हलतं? मोडतं तेव्हा कुठून मोडतं? आत काय आहे जे बाहेरून दिसत नाही? विषय वस्तू नसून एखादी आठवण असेल, समजा कुणाचं तरी घर सोडून जाणं, तरी हेच प्रश्न लागू पडतात. चलायानने २००० सालच्या एका कलेक्शनमध्ये युद्धामुळे घाईघाईत घर सोडावं लागणाऱ्या माणसांचा विचार केला. त्यात खुर्च्यांची आवरणं अंगात घालायचे ड्रेस झाली आणि मधलं गोल लाकडी टेबल उलगडून स्कर्ट झालं. सगळं सोबत नेता येत नाही, मग अंगावर काय नेता येईल, असा तो प्रश्न. आठवणीलाही क्रियापद असतंच, थोडं शोधावं लागतं.

पायरी ४: आता जुने कपडे पाहा

क्रियापद हाती आलं की कपड्यांवरची बंदी उठली. आता तुम्ही ‘काय करू’ असं विचारत नसता, ‘हे आधी कुणी कसं सोडवलंय’ असं विचारत असता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या लाखो वस्तूंचे फोटो मुक्त वापरासाठी खुले केले आहेत. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि क्योटो कॉस्च्युम इन्स्टिट्यूट यांचे पोशाखसंग्रहही ऑनलाइन पाहता येतात. शोधताना काळ किंवा डिझायनरचं नाव टाकण्यापेक्षा तंत्राचं नाव टाका: प्लीट (चुण्या), स्मॉकिंग (टाक्यांनी आवळलेल्या चुण्या), क्विल्टिंग (थर एकत्र शिवणं), कळी. फोटो मोठा करून शिवण कुठून कुठे जाते ते बघा. शक्य असेल तर एखादा जुना, टाकाऊ शर्ट किंवा कोट घरी पूर्ण उसवा. चांगल्या कोटाच्या पोटात केवढं सामान भरलेलं असतं, ते एकदा पाहावंच.

मारियानो फॉर्चुनी या डिझायनरचा चुण्यांचा रेशमी डेल्फॉस गाऊन अभ्यासायला फार चांगला, कारण त्याचा उगम माहीत आहे. डेल्फीला सापडलेला ‘सारथी’ हा ग्रीक ब्राँझ पुतळा, त्याच्या झग्याच्या उभ्या चुण्या. पुतळा धातूचा, त्याच्या चुण्या कधीच मोडणार नाहीत. रेशमाच्या मोडतात! म्हणून फॉर्चुनीला रेशीम बारीक चुणून तसंच ठेवण्याचं तंत्र बसवावं लागलं, १९०९ मध्ये त्याने त्याचं पेटंटही घेतलं. हलका गाऊन अंगावर नीट लोंबावा म्हणून बाजूच्या शिवणींवर काचेचे मणी ओवले. ते मणी शोभेचे वाटतात, पण खरं काम वजनाचं. पुतळ्यापासून मण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे प्रेरणेवर कसं काम करायचं याचा मला माहीत असलेला सर्वांत स्पष्ट नमुना आहे.

पायरी ५: बोर्ड आणि रंग

मूडबोर्डवर, म्हणजे विषयाची चित्रं एकत्र लावलेल्या फलकावर, बहुतेक नवखे वेळ फार घालवतात, म्हणून थोडक्यात. वीसपेक्षा जास्त चित्रं नकोत. निम्म्याहून अधिक चित्रांत कपडे नसावेत. मधोमध क्रियापद मोठ्या अक्षरात लिहा आणि जे चित्र ती क्रिया करत नाही ते काढा, कितीही लाडकं असलं तरी. मॉडेलचे देखणे चेहरे तर आधी काढा. त्यांनी बोर्ड उगाच छान दिसतो आणि आपण फसतो.

रंग मात्र खऱ्या वस्तूवरून घ्या. १८१४ मध्ये पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकाराने शंभराहून जास्त रंगांची सूची काढली होती. प्रत्येक रंगापुढे तो कुठल्या प्राण्यात, कुठल्या वनस्पतीत आणि कुठल्या खनिजात दिसतो हे लिहायचा प्रयत्न केला होता. बीगल जहाजावरच्या प्रवासात चार्ल्स डार्विन हीच सूची वापरत असे. तुम्हीही तसंच करा. ‘तपकिरी’ लिहू नका, ‘छत्रीच्या घडीवरचा विटलेला काळा’ लिहा. असं नाव दिलं की कापडाच्या दुकानात हात चुकीच्या थानाकडे जात नाही.

प्रमाण ठरवायला जुनी, सोपी युक्ती: पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या आणि त्यावर त्या त्या रंगाचा दोरा गुंडाळा, जो रंग विषयात जितका दिसतो तितक्याच रुंदीचा. माझ्या पट्टीवर बारा सेंटिमीटर विटका काळा, तीन सेंटिमीटर पोलादी करडा आणि गंजाचे फक्त दोन वेढे आले. ते दोन वेढे पुढे संपूर्ण कलेक्शनमध्ये केवळ टाक्यांत आणि गोटात वापरले. चार इंच जास्त वापरले असते तर गंज न वाटता नुसता नारिंगी रंग वाटला असता.

पायरी ६: कापडाला विचारा

रेखाटन कितीही देखणं असलं तरी शेवटचा शब्द कापडाचा. विषयाची क्रिया करू शकेल असं कापड शोधायचं. फुलून उभं राहायचं असेल तर ऑर्गंझा किंवा टॅफेटा, ओघळायचं असेल तर क्रेप, ओढून ताणायचं असेल तर जर्सी. दुकानात कापड हातात घेऊन मुठीत चुरगाळा, सोडा, कोपऱ्याला धरून लोंबू द्या. मग तेच कापड उरेब धरून पाहा, म्हणजे धाग्यांना पंचेचाळीस अंशांत. उभ्या धाग्यावर ताठ असणारं कापड उरेब धरलं की अंगाला लपेटतं. वेगळं कापडच वाटतं ते. फ्रेंच डिझायनर माद्लेन व्हियोनेने अख्खी कारकीर्द या गुणावर उभी केली. ती कागदावर काढत बसण्याऐवजी छोट्या लाकडी पुतळीवर कापड गुंडाळून डिझाइन करायची. नवख्यांसाठी ही फारच उपयोगी सवय आहे. अर्ध्या मापाची पुतळी असली की पाव कापडात प्रयोग होतो आणि फसला तरी जीव जळत नाही.

खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटात बेतून, कच्चे टाके घालून पाहा. एका पोशाखाचे तीन-चार कच्चे नमुने व्हायलाच हवेत. पहिल्यातच जमलं असं वाटलं तर बहुधा ओळखीचाच कट पुन्हा काढला गेलाय.

कृतीचा क्रम उलटा केला तरी नवं काही हाती लागतं. साधारणपणे कापडाला आधी प्लीट्स घालतात आणि मग कापतात. जपानी डिझायनर इस्से मियाकेने आधी कपडा अडीच-तीन पट मोठा शिवला आणि मग तो कागदांमध्ये धरून गरम प्रेसमधून काढला. प्लीट्स पॉलिएस्टरमध्ये कायमच्या बसल्या. १९९३ पासून ‘प्लीट्स प्लीज’ नावाने ते कपडे निघू लागले. रेई कावाकुबो या जपानी डिझायनरने तर विणकाम यंत्राचे स्क्रू सैल करून स्वेटरमध्ये भोकं पाडून घेतली होती. विषय अडला की मी वस्तूकडे बघणं सोडते आणि शिलाईच्या क्रमात काय उलटं करता येईल ते बघते.

पायरी ७: एकातून आठ

पहिल्या कलेक्शनला सहा ते आठ पोशाख पुष्कळ झाले. त्यासाठी साठ-सत्तर छोटी रेखाटनं करा, प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिली वीस सरळ सोडून द्या, ती आठवणीतून आलेली असतात. उरलेल्यांतून क्रियापदाचा आवाज लहान-मोठा करत निवडा. एखाद्या पोशाखात ती क्रिया जेमतेम कुजबुजेल: साधा शर्ट, फक्त बाहीची कड छत्रीच्या कडेसारखी आत वळलेली. एखाद्यात ती ओरडेल: आठ कळ्यांचा पूर्ण घेर. मधले पोशाख या दोघांना जोडतात आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात कठीण असतात.

सगळी रेखाटनं एका रांगेत लावा आणि दूर उभं राहून डोळे बारीक करून पाहा. नुसत्या बाह्याकृती दिसल्या पाहिजेत. आठही आकृत्या सारख्या असतील तर एकाच ड्रेसचे आठ रंग झालेत. एकीचा दुसरीशी संबंधच नसेल तर आठ कलेक्शन झाली आहेत, त्यातलं एक ठेवा. शिवणाऱ्याच्या नजरेनेही रांग तपासा: दोन पोशाखांत एकच पॅटर्न थोडा बदलून चालतो का? वेळ आणि कापड दोन्ही वाचतं, आणि कलेक्शन आपोआप एका घरातलं दिसतं.

उसनं घेताना

एखाद्या समाजाचा पारंपरिक पोशाख विषय म्हणून घ्यावासा वाटला तर थोडं थांबा. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या सांता मारिया त्लावितोल्तेपेक या गावच्या मिहे लोकांनी एका फ्रेंच ब्रँडच्या ब्लाउजवर जाहीर आक्षेप घेतला, कारण तो त्यांच्या परंपरागत ब्लाउजसारखा हुबेहूब होता. तिथेही अडचण क्रियापदाचीच होती. नाम जसंच्या तसं उचललेलं. अशा ठिकाणी माझा हिशेब साधा आहे: ज्यांचं आहे त्यांच्याकडून शिकता येत असेल, नाव देता येत असेल आणि कामाचे पैसे त्यांच्याकडे जात असतील तर सोबत काम करावं. नाहीतर दुसरा विषय घ्यावा. पूजेच्या किंवा शोकाच्या वस्तूंना तर हातच लावत नाही.

दुसऱ्या डिझायनरचं काम आवडलं तर त्याला काय दिसलं याऐवजी तो कुठे बघत होता ते शोधा आणि त्या ठिकाणी स्वतः जाऊन उभे राहा. तुम्हाला दुसरंच काही दिसेल.

शेवटची तपासणी

कपडे तयार झाले की विषय न सांगता कुणाला तरी दाखवा, शक्यतो फॅशनशी संबंध नसलेल्या माणसाला. त्याने विषय ओळखावा ही अपेक्षा नाही. तो कपड्याशी काय करतो ते बघा. माझ्या छत्रीच्या स्कर्टला पाहून शेजारच्या मुलीने काही न विचारता ती पट्टी धरली आणि स्कर्ट गुंडाळून बंद केला, मग पुन्हा सोडला. चार-पाच वेळा. ‘छत्री’ हा शब्द काही तिच्या तोंडून आला नाही.

वही मात्र टाकू नका. न जमलेली उलटी कॉलर माझ्या वहीत अजून तशीच आहे, तीन रेखाटनं आणि शेजारी एक टीप: ‘काडी नसताना ताण कुठून आणायचा?’ पुढच्या कलेक्शनचं काम मी तिथूनच सुरू केलंय.